मोगलाईतले इंग्रजी राज्य

राणी व्हिक्टोरियाच्या त्रेसष्ट वर्षांहून लांब कारकिर्दीत औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, इंग्रज कलेक्टर एक दिवसही नव्हता. गोदावरी उतरून कायगाव टोक्याच्या पलीकडे गेले की अहमदनगरचा कलेक्टर होता. पश्चिमेला नाशिकचा, सातमाळ्याखाली खानदेशात धुळ्याचा होता आणि अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे बुलढाण्यात डेप्युटी कमिशनर बसत असे. मधला हा जिल्हा मात्र निजामाचा होता. येथे शिक्का निजामाचा, कचेरी निजामाची, शेतसारा निजामाच्या खजिन्यात. आसपासच्या इंग्रजी मुलखातले लोक या भागाला ‘मोगलाई’ म्हणत. या शब्दाचा अर्थ पुढे ‘अंदाधुंदी’ असाच होऊन बसला आणि तो अजून मराठीत टिकून आहे. त्यामुळे व्हिक्टोरियाकालीन इंग्रजी राज्यकारभार म्हटला की पुणे, मुंबई, सातारा, नागपूर आठवतात आणि मराठवाडा त्या इतिहासातून वगळला जातो. जणू इकडे इंग्रज नव्हतेच. इकडे होती ती मोगलाई, आणि तिचे पाप तिच्याच माथी.

ही समजूत चुकीची आहे, आणि ती का चुकीची आहे हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे. येथे इंग्रजी राज्य होते. ते छावणीत होते, कर्जखतात होते, तहाच्या कलमांत होते, रेल्वेच्या करारात होते आणि पुढे पुढे महसुलाच्या रकान्यांतही होते. ते एकाच जागी नव्हते: रयतेपुढे उत्तर द्यायच्या खुर्चीत. पैसा, फौज आणि वारसाहक्क या तिन्ही बाबतींत शेवटचा शब्द हैदराबादच्या रेसिडेन्सीचा असे. मात्र दुष्काळात सारा माफ झाला नाही, मक्तेदाराने लुबाडले, न्याय मिळाला नाही, तर दोष दरबाराचा. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे, ही घडी व्हिक्टोरियाच्या काळात पक्की बसली. मराठवाड्याचे मागासलेपण समजून घ्यायचे असेल तर या घडीपासून सुरुवात करावी लागते.

आरंभ अर्थात राणीच्या जन्माआधीचा आहे. १७९८ आणि १८०० च्या तहांनी निजामाने तैनाती फौज स्वीकारली आणि १८०० साली तिच्या खर्चापोटी बेल्लारी-कडप्याकडचा मुलूख कायमचा तोडून दिला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या असईला आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि या भागातली मराठ्यांची सत्ता संपत आली. मुलूख तोडून दिल्यावर फौजेचा हिशेब मिटायला हवा होता. तसे झाले नाही. १८११ ते १८२० या काळात रेसिडेंट असलेल्या हेन्री रसेलच्या पुढाकाराने निजामाच्या नावाने आणि निजामाच्या पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणखी एक फौज उभी राहिली. हीच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, जालना अशा ठाण्यांवर तिच्या छावण्या बसल्या. हिचा वर्षाचा खर्च चाळीस लाख रुपयांच्या घरात गेला. शांततेच्या काळात अशी फौज बारमाही पोसण्याचे बंधन कोणत्याही तहाने निजामावर घातलेले नव्हते. गव्हर्नर जनरल डलहौसीने स्वतःच्या टिपणात हे मान्य केलेले आहे. तरी पगार थकला की तगादा रेसिडेन्सीचा येई.

थकणे अटळ होते. दिवाण चंदुलालने या खर्चाला कधी खरी हरकत घेतली नाही, कारण त्याच्या खुर्चीला रेसिडेन्सीचा टेकू होता. पगार भागवायला कर्जे काढली गेली. त्यातले सर्वांत कुप्रसिद्ध पामर आणि कंपनीचे. या पेढीचे व्याज चढे होते आणि तिच्या भागीदारांत गव्हर्नर जनरलच्या मर्जीतला माणूसही होता. हे कर्ज फेडण्यासाठी १८२३ साली उत्तर सरकारांबद्दल कंपनीकडून निजामाला मिळणारी वार्षिक पेशकश कायमची सोडून द्यावी लागली. दरबाराला रोख हवी, म्हणून जिल्हे मक्त्याने दिले जाऊ लागले. मक्तेदार आधी रक्कम मोजत आणि मग गावांतून वसूल करत. वसुलीला अरब आणि रोहिले शिपाई असत. मक्तेदाराच्या मागे सावकार उभा असे. आपण ज्याला मोगलाईची अंदाधुंदी म्हणतो तिचे दृश्य रूप हे आहे. पैठण-गंगापूरच्या पाटलाला दिसत होता तो मक्तेदाराचा रोहिला. त्या रोहिल्यामागचा मक्तेदार, मक्तेदारामागचा दिवाण आणि दिवाणामागे दर महिन्याला पगाराची रक्कम मागणारी छावणी ही साखळी त्याला दिसण्याचे कारण नव्हते. इतिहास लिहिणाऱ्याला मात्र ती दिसली पाहिजे.

या साखळीचे टोक १८५३ साली उघडे पडले. कंटिंजंटच्या पगारापोटी काढलेले कर्ज पन्नास लाखांच्या जवळ गेल्याचा हिशेब कंपनीने मांडला आणि कर्नल लो या रेसिडेंटने निजामापुढे तहाचा मसुदा ठेवला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गाकडचा मुलूख कंटिंजंटच्या खर्चासाठी कंपनीच्या कारभाराखाली गेला. कंटिंजंट ही कंपनीची फौज झाली, म्हणजे नाव हैदराबादचे राहिले, मालक बदलला. आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहावी. सिकंदराबाद आणि जालना या दोन छावण्यांतल्या अबकारीचे उत्पन्न कंपनी वर्षानुवर्षे स्वतः घेत होती. ते न्यायाने निजामाच्या खात्यावर जमा व्हायला हवे होते. ते जमा धरले असते तर कर्जाची बहुतेक रक्कम वळती झाली असती. कर्नल डेव्हिडसन हे पुढचे रेसिडेंट. त्यांनी १८६० साली सरकारला लिहिताना जवळजवळ हेच कबूल केले की दोन्ही बाजूंचा हिशेब निःपक्षपातीपणे पाहिला असता तर १८५३ साली निजामाकडून मागण्यासारखे फारसे काही नव्हतेच. जालन्याच्या छावणीतल्या दारूच्या दुकानांचे उत्पन्न आणि वऱ्हाडाची काळी जमीन यांचा संबंध असा थेट आहे. त्याच १८६० साली नव्या तहाने पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत आले. वऱ्हाड मात्र ‘विश्वस्त’ म्हणून इंग्रजांकडेच राहिले. जे कर्ज नव्हते ते माफ करून जो मुलूख गहाण होता तो ठेवून घेतला गेला.

या दोन तहांच्या मधे १८५७ येते, आणि त्या वर्षी अधिकार व जबाबदारी यांतली फारकत औरंगाबादच्या छावणीत रक्ताने लिहिली गेली. जून १८५७ मध्ये कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळात असंतोष पसरला. निजामाच्या मुलखाबाहेर, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला आपल्याला नेणार, या बातमीने स्वार बिथरले. या स्वारांच्या मनात ते निजामाचे चाकर होते. कागदावर मात्र १८५३ पासून ते कंपनीचे होते. त्यांनी कुणाशी बेइमानी केली हा प्रश्न या एका मुद्द्यावर उभा आहे. जनरल वुडबर्नची फौज पुण्याहून निघून औरंगाबादला आली, स्वारांची शस्त्रे काढून घेतली गेली, इंग्रजी सैनिकी न्यायालय बसले. काहींना फाशी झाली, काहींना तोफेच्या तोंडी दिले गेले. काळा चबुतरा म्हणून ओळखली जाणारी जागा आणि आजचा क्रांती चौक ही त्या घटनेची खूण आहे. जमादार चिदा खान काही साथीदारांसह हैदराबादला पोहोचला. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी त्याला पकडून रेसिडेन्सीच्या हवाली केले. त्याच्या सुटकेच्या मागणीतून १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर चाल केली. औरंगाबादचा उठाव हा एका छावणीतला किरकोळ गोंधळ नव्हता हे या धाग्यावरून कळते. निजामाच्या राजधानीत निजामाच्या दिवाणाने निजामाच्या नावाची फौज सोडून आलेल्या माणसाला इंग्रजांच्या हवाली करावे, यापेक्षा खरा राज्यकर्ता कोण हे अधिक स्पष्टपणे कोणता पुरावा सांगेल?

येथे पहिला आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटण्यासारखा आहे. निजामाची राजवट मुळातच ढिली होती. जहागीरदार, मक्तेदार, अरब जमादार ही तिची स्वतःची दुखणी होती. इंग्रजांनी फार तर त्यांचा फायदा घेतला, ती निर्माण केली नाहीत, असे म्हणता येईल. यात तथ्य आहे. जहागिरी इंग्रजांनी वाटल्या नव्हत्या. पण वाईट राजवट टिकते कशाने, हा खरा प्रश्न आहे. जुन्या काळी वाईट राजाला दोन भीती असत: शेजाऱ्याची स्वारी आणि आपल्याच रयतेचे बंड. तैनाती फौजेने दोन्ही भीती एका फटक्यात काढून टाकल्या. शेजाऱ्याशी लढाई नको, कारण कंपनी पाठीशी आहे. रयतेचे बंडही चालणार नाही, कारण कंटिंजंट छावणीत आहे. थॉमस मन्रो या मद्रासच्या अनुभवी इंग्रज अधिकाऱ्याने १८१७ साली गव्हर्नर जनरलला लिहून हाच धोका दाखवला होता, की अशा संरक्षणाने देशी राज्ये आतून कुजतात. म्हणजे हा निष्कर्ष आज मागे वळून पाहताना काढलेला नाही. इंग्रज सत्तेच्या आतच तो माहीत होता आणि तरीही धोरण बदलले नाही. रोग इंग्रजांनी आणला नसेल, पण रोग्याला वैद्याकडे जाऊ न देणारा पहारा त्यांचा होता.

दुसरा आक्षेप पहिल्या सालारजंगांच्या सुधारणांचा. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षे दिवाणपद सांभाळणाऱ्या या माणसाने मक्तेदारी मोडली, अरब-रोहिल्यांना आवरले, १८६५ च्या जिल्हाबंदीने राज्याचे विभाग आणि जिल्हे पाडले. प्रत्येक जिल्ह्यावर पगारी अव्वल तालुकदार आला, त्याखाली दुय्यम तालुकदार आणि तहसीलदार आले. औरंगाबाद हे मराठवाड्याच्या विभागाचे मुख्य ठाणे झाले. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी-मोजणी सुरू झाली. विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३० च्या दशकात इंदापुरात बसवलेली रयतवारीची पद्धत गोदावरी ओलांडून इकडे आली. शेताला नंबर पडला, हद्दीला दगड लागले, जमिनीची प्रत लावून सारा ठरला, खातेदाराचे नाव कागदावर चढले. हे सगळे इंग्रजी प्रभावामुळेच ना, असे विचारले जाते. काही प्रमाणात होय. मराठवाड्यातल्या कुळाला मक्तेदारापेक्षा मोजणीदार बरा वाटला असणार, आणि ही सुधारणा खरी होती हे नाकारण्याचे कारण नाही.

पण या सुधारणांचे श्रेय वाटताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली ही की त्या केल्या सालारजंगांनी, आणि त्या करताना त्यांनी जो मोबदला मागितला तो त्यांना मिळाला नाही. त्यांची आयुष्यभराची मागणी वऱ्हाड परत मिळावे ही होती. १८७६ साली ते इंग्लंडला गेले. तिथे ऑक्सफर्डने पदवी देऊन त्यांचा सन्मान केला, आणि वऱ्हाडचा प्रश्न तिथेच राहिला. राज्य नीट चालवले तर मुलूख परत देऊ असे कुणी म्हणत नव्हते, आणि नीट चालवले नाही तर आणखी मुलूख जाईल ही भीती मात्र कायम होती. दुसरी गोष्ट अशी की सुधारणा खालशापुरती होती. राज्याची सुमारे दोन पंचमांश जमीन जहागिरी आणि निजामाच्या खाजगी उत्पन्नाच्या सर्फे-खास मुलखात होती. तिथे नव्या व्यवस्थेचा हात जेमतेम पोहोचे. इंग्रजांना ज्या सुधारणेतून महसूल स्थिर होणार होता आणि कर्ज बुडणार नव्हते तेवढी त्यांनी उचलून धरली. ज्या सुधारणेने सरंजामी वर्गाला धक्का बसला असता तिच्यासाठी रेसिडेन्सीने कधी आपले वजन खर्च केले नाही. दर वेळी एक नियम लागू पडला: ज्यात साम्राज्याचा लाभ, तिथे हस्तक्षेप, आणि ज्यात फक्त रयतेचा लाभ, तिथे ‘देशी संस्थानाच्या अंतर्गत कारभाराचा’ आदर.

भाषेच्या बाबतीत हा नियम जास्तच बोचतो. १८८४ साली निजाम सरकारच्या नावाने औरंगाबाद जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. मुंबई सरकारच्या जिल्हा-गॅझेटिअरांचा जो साचा, तोच इथे वापरला गेला. जमीन, पिके, जाती, देवळे, लेणी, बाजार सगळे इंग्रजीत तपशीलवार नोंदले गेले. त्याच दशकात हैदराबादच्या कचेऱ्यांत फारसीची जागा उर्दूने घेतली. म्हणजे पैठणच्या शेतकऱ्याच्या शेताचे वर्णन मराठीत तोंडी झाले, कचेरीत फारसी-उर्दूत उतरले आणि शेवटी इंग्रजीत छापले गेले. शेवटच्या दोन्ही लेखनांपैकी एकही त्याला वाचता येण्यासारखे नव्हते. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे, इंग्रजांनी गहाण ठेवून घेतलेल्या वऱ्हाडात मात्र कचेरीची भाषा मराठी होती. एकाच बोलीचे, एकाच पंचांगाचे, एकाच वारीला जाणारे लोक. एका बाजूला अर्ज मराठीत लिहिता येई, दुसऱ्या बाजूला अर्जनवीस गाठावा लागे. शाळांचेही तसेच. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले. औरंगाबादला सरस्वती भुवनची शाळा उभी राहायला १९१५ उजाडावे लागले. हा पस्तीस वर्षांचा फरक लोकांच्या बुद्धीतला नाही, त्यांच्यावर असलेल्या कारभाराच्या रचनेतला आहे.

यावर तिसरा आक्षेप उभा राहतो: म्हणजे थेट इंग्रजी अंमल बरा होता असे म्हणायचे आहे काय? अजिबात नाही. गोदावरीच्या दक्षिण तीरावरही रयत सुखात नव्हती. सावकारी कर्ज आणि रोख साऱ्याच्या कात्रीत सापडलेल्या शेतकऱ्यांनी मे १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जाळल्या आणि दंगे पुणे-नगर जिल्ह्यांत पसरले. १८७६-७८ च्या दुष्काळाने दोन्ही तीर सारखेच भाजून काढले. वऱ्हाडच्या कापसाची रेल्वेही वऱ्हाडी कुणब्याच्या कल्याणासाठी आलेली नव्हती. फरक सुखाचा नव्हता, दाद मागण्याचा होता. दक्षिणेतल्या दंग्यांवर सरकारला आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल छापावा लागला आणि १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. १८७० साली स्थापन झालेली पुण्याची सार्वजनिक सभा दुष्काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारला आकड्यांनिशी सवाल करत होती. सवाल करता आला कारण कुणाला करायचा हे माहीत होते. पैठणच्या रयतेने अर्ज कुणाच्या नावे लिहायचा? तालुकदाराच्या? तो म्हणणार, वर विचारा. दिवाणाच्या? त्याच्या हातात सगळे नाही. रेसिडेंटच्या? तो म्हणणार, हा दरबाराचा अंतर्गत मामला. निजाम महबूब अली खान तर १८६९ पासून १८८४ पर्यंत अज्ञान होता. थेट अंमलाविरुद्ध चळवळ उभी राहू शकली, कारण समोर चेहरा होता. अप्रत्यक्ष अंमलाचे पहिले यश हेच, की त्याने चेहरा लपवला.

आणि हद्द तरी खरी होती काय? रयतेसाठी होती. हाली शिक्का इकडचा, कलदार रुपया तिकडचा, आणि दोन्हींतली वटवण बाजारात सोसावी लागे ती शेतकऱ्याला आणि किरकोळ व्यापाऱ्याला. इंग्रजी सत्तेसाठी मात्र ती हद्द हवी तेव्हा असे, नको तेव्हा नसे. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके इंग्रजी मुलूख सोडून निजामी मुलखात रोहिल्यांच्या मदतीची खटपट करू लागले, तेव्हा इंग्रज अधिकारी मेजर डॅनियल आणि निजामाचे पोलीस अधिकारी अब्दुल हक मिळून त्यांच्या मागावर होते. जुलै महिन्यात फडके पकडले गेले. दुष्काळातल्या माणसासाठी हद्द ओलांडून अधिकार येत नव्हता, क्रांतिकारकासाठी तो तत्काळ आला.

रेल्वेचे प्रकरण तर स्वतंत्र वाचण्यासारखे आहे. निजामाची ग्यारंटीड स्टेट रेल्वे या नावातच करार आहे. भांडवल लंडनचे, आणि त्यावरच्या व्याजाची हमी निजामाच्या खजिन्याची. नफा झाला तर भागीदारांचा, तोटा झाला तर हैदराबादच्या करदात्याचा. १८८३ साली चांद्याकडच्या रेल्वेयोजनेवर हैदराबादमध्ये उघड टीका झाली. टीका करणाऱ्यांत अघोरनाथ चट्टोपाध्याय होते आणि त्यांना राज्याबाहेर काढण्यात आले. खाणींच्या सवलतींचा घोटाळा इतका वाजला की १८८८ साली लंडनच्या पार्लमेंटला त्यावर समिती नेमावी लागली. १९०० साली मनमाडकडून आलेली गाडी औरंगाबादला पोहोचली आणि पुढे जालना, परभणी, नांदेडवरून सिकंदराबादला जोडली गेली. रेल्वे आली हे चांगलेच झाले. तिच्यामुळे जालन्याचा कापूस आणि औरंगाबादच्या गिरणीचे सूत बाहेर गेले. पण ती मीटरगेज होती आणि मनमाडला ब्रॉडगेजशी मिळत होती, त्यामुळे प्रत्येक गासडी मनमाडला उतरवून पुन्हा चढवावी लागे. ही अडचण विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत या शहराच्या गळ्यात होती. त्याच सुमारास १८९९-१९०० चा दुष्काळ आला. १८९१ आणि १९०१ च्या शिरगणतींच्या मधे जिल्ह्याची लोकसंख्या एक लाखाच्या आसपास घटली. ज्या खजिन्यातून लंडनच्या भागीदारांना व्याज वेळच्या वेळी जात होते, त्या खजिन्याला या माणसांचा हिशेब द्यायला कुणी भाग पाडले नाही.

अजिंठा हे याच कारभाराचे सौम्य, सुसंस्कृत रूप. २८ एप्रिल १८१९ ही तारीख आणि आपले नाव जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात कोरून ठेवले. फर्ग्युसनच्या लेण्यांवरील निबंधानंतर १८४४ पासून रॉबर्ट गिल अनेक वर्षे तिथे राहून चित्रांच्या नकला करत होता. त्याच्या चिकाटीला तोड नाही, आणि त्याच्या व त्याच्यामागून आलेल्या जॉन ग्रिफिथ्स यांच्या कामामुळे अजिंठा जगाला माहीत झाला हेही खरे. पण नकला लंडनला गेल्या. गिलच्या बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, ग्रिफिथ्सच्या बऱ्याचशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत. नकला उतरवताना मूळ चित्रांवर दिलेल्या वार्निशाने भिंती काळवंडल्या. त्या वार्निशाशी झगडण्यासाठी विसाव्या शतकात इटालियन तज्ज्ञ बोलावले गेले आणि त्यांचे बिल भरले निजाम सरकारने. पाहण्याचा, मोजण्याचा, नेण्याचा हक्क एकाकडे आणि जपण्याचा खर्च दुसऱ्याकडे. महसुलात जो नियम, तोच कलेत.

एक शेवटची शंका उरते. या सगळ्याचा दोष इंग्रजांवर टाकून निजामाची राजवट मोकळी सुटत नाही काय? सुटू नये. जबाबदारी लपवणारी व्यवस्था दोघांनाही सोयीची होती. दरबार म्हणू शकत होता, रेसिडेन्सी हात बांधते; रेसिडेन्सी म्हणू शकत होती, दरबार नालायक आहे. दोघेही थोडे खरे बोलत होते, म्हणूनच दोघेही सुटत होते. हे सहकार्य राणीच्या मृत्यूनंतरही चालू राहिले. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वऱ्हाड पंचवीस लाख रुपये वार्षिक खंडाने कायमच्या पट्ट्यावर घेतले. निजामाची मालकी कागदावर तशीच ठेवली. पन्नास वर्षांपूर्वीच्या हिशेबातल्या जालन्याच्या अबकारीचा विषय कायमचा मिटला. पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा याच दुहेरी सत्तेच्या शेवटच्या अवशेषाखाली राहिला, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीला आधी हे ठरवावे लागले की लढायचे कुणाशी.

म्हणून या विषयात शिरताना वाचकाने प्रत्येक हुकूम, प्रत्येक तह, प्रत्येक मोजणीपत्रक हाती घेतल्यावर दोन प्रश्न विचारावेत: हा निर्णय खरा घेतला कुणी, आणि त्याच्या परिणामांना उत्तर द्यायला कोण बांधील होते? मुंबई इलाख्यात या दोन प्रश्नांचे उत्तर बहुतेक वेळा एक असते. औरंगाबादला ते जवळजवळ कधीच एक नसते. दोन उत्तरांमधल्या त्या रिकाम्या जागेत मक्तेदार वाढला, सावकार वाढला, उर्दू कचेरीबाहेर मराठी अर्जदार ताटकळत उभा राहिला, दुष्काळात गावे ओस पडली. त्या जागेला आजवर आपण ‘मोगलाई’ म्हणत आलो आणि तिचे दुसरे नाव घेतले नाही. ते नाव घेतल्याने मेलेल्या रयतेला न्याय मिळणार नाही हे उघड आहे. पण पैठणच्या ज्या माणसाला आपला अर्ज कुणाच्या नावे लिहावा हे कळले नाही, त्याच्या अर्जावर निदान आज, इतक्या उशिरा, दोन्ही नावे लिहिता येतील.